राजाचे कान

पोरी,

रविवारी उपासनेनंतर मंडळीची वार्षिक सभा झाली, चिठ्ठ्या मोजल्या आणि तू सेक्रेटरी झालीस. घरी येऊन माझ्या हातावर पेढा ठेवलास आणि म्हणालीस, ‘आबा, आता काहीतरी सांगा.’ मला बोलताना धाप लागते, आणि मी उपदेश सुरू केला की तुला हसू येतं. म्हणून लिहून देतोय. मिनिट्सच्या वहीत ठेवू नकोस, कोणीतरी वाचेल. तुझ्या बायबलमध्ये ठेव.

मी सेक्रेटरी झालो तेव्हा माझ्या आधीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे हेडमास्तर. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी माझ्या हातात दिला, कानाशी वाकले आणि एवढंच म्हणाले, ‘स्तोत्रं झोपताना वाच. राजे मात्र मिटिंगच्या आधी.’ मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. राजे म्हणजे संडे स्कूलमध्ये पोरं जांभया देत म्हणतात ती नावांची रांग. अमुक मेला, तमुक त्याच्या जागी राजा झाला. मग कमिटीत पहिलं मोठं भांडण झालं. त्या रात्री झोप येईना, तेव्हा राजांचं पहिलं पुस्तक उघडलं आणि पहाटेपर्यंत वाचत बसलो. नावं परकी होती, पण माणसं आमच्याच बाकांवरची.

आधी एक सांगतो, बाकीचं त्याच्यामागून येईल. शलमोन नवा नवा गादीवर आला तेव्हा गिबोनात देवाने त्याला स्वप्नात विचारलं, काय हवंय? त्याने शहाणपण मागितलं असं आपण मुलांना शिकवतो. मूळ हिब्रूत त्याने मागितलं ते ऐकणारं हृदय. मला वाटतं, शौलापासून सिद्कीयापर्यंतची सगळी कथा या मागण्याभोवती फिरते. प्रत्येक राजाबद्दल एकच विचारत जा, याने कोणाचं ऐकलं? शलमोनाचंही पुढे काय झालं ते बघ. देवाच्या मंदिराला सात वर्षं लागली आणि स्वतःच्या वाड्याला तेरा. हा हिशेब ज्याने लिहिला त्याने टीकेचा एक शब्दही घातला नाही. दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले आणि पुढे गेला. मिनिट्स कशी लिहावीत ते तिथे शीक.

त्या लिहिणाऱ्याची तऱ्हा न्यारी होती. उत्तरेच्या इस्राएलात अम्री नावाचा राजा होऊन गेला. शमेर नावाच्या माणसाकडून दोन किक्कार चांदी देऊन त्याने एक डोंगर विकत घेतला आणि त्यावर शोमरोन ही राजधानी वसवली. मवाबाच्या मेशा राजाने आपल्या शिलालेखात त्याचं नाव कोरलंय. तो मेल्यानंतर शंभरहून अधिक वर्षं अश्शूरी लोक त्या देशाला अम्रीचं घराणं म्हणत राहिले. एवढा हा मोठा माणूस, पण राजांच्या पुस्तकात त्याला सहा वचनं मिळाली आणि त्यातलीही दोन त्याने काय वाईट केलं याची. आपल्या वार्षिक अहवालात आपण पेव्हर ब्लॉक किती चौरस फूट बसवले ते दोन पानं लिहितो. लिही, माझी हरकत नाही. पण त्या वर्षी कोणाचं घर उपाशी राहिलं ते लिहायला जागा ठेव.

आता रहबाम. याच्यापाशी मी सगळ्यांत जास्त वेळा थांबलोय.

शलमोन वारला. त्याने बांधकामं पुष्कळ केली आणि ती वेठबिगारीवर केली. लबानोनात लाकडं तोडायला तीस हजार माणसं पाळीपाळीने जात, महिन्याला दहा हजार. लोक वाकले होते. त्याचा मुलगा राज्याभिषेकासाठी शखेमला आला तेव्हा ते म्हणाले, तुमच्या बापाने लादलेलं जू जरा हलकं करा, आम्ही तुमचेच आहोत. रहबामाने तीन दिवस मागून घेतले. इथपर्यंत अगदी बरोबर आहे. तापलेल्या सभेत जागच्या जागी उत्तर देऊ नये, तारीख घ्यावी. तूही घे.

त्याने आधी बापाच्या दरबारातल्या वडीलधाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आज तुम्ही यांचे चाकर व्हा, चार गोड शब्द बोला, हे जन्मभर तुमचे चाकर राहतील. मग त्याने आपल्याबरोबर वाढलेल्या सोबत्यांना विचारलं. ते म्हणाले, सांगा त्यांना की माझी करंगळी बापाच्या कमरेहून जाड आहे, त्याने आसूड वापरले, मी विंचू वापरीन. तिसऱ्या दिवशी रहबामाने हेच ऐकवलं आणि दहा वंश उठून गेले, ते परत आलेच नाहीत.

या गोष्टीवर प्रवचन झालं की म्हाताऱ्यांचं ऐका, तरुणांचं ऐकू नका, असा अर्थ निघतो आणि पुढच्या बाकांवरचे आमच्या वयाचे लोक मान डोलवतात. मला तो अर्थ मान्य नाही. रहबाम गादीवर बसला तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा होता, म्हणजे ते सोबतीही चाळिशीचे. हिब्रूत त्यांना लिहिणाऱ्याने मुद्दाम पोरं म्हटलंय. शिवाय नीट वाचलंस तर दिसेल की सोबत्यांना विचारण्याआधीच वडीलधाऱ्यांचा सल्ला त्याने टाकून दिला होता. म्हणजे तो विचारत नव्हता, त्याला हवं ते कोणाच्या तोंडून येतंय ते शोधत फिरत होता. मीही हे केलंय. चार जणांना फोन लावायचा, पाचवा आपल्या मनासारखं बोलला की सभेत म्हणायचं, मी सगळ्यांशी बोललोय.

पुढची चूक कोणी सांगत नाही. लोक बिथरल्यावर समजूत काढायला रहबामाने कोणाला पाठवलं? अदोरामाला. अदोराम वेठबिगारीवरचा मुख्य अंमलदार होता. ज्याच्या नावाने लोक बोटं मोडत होते त्यालाच सलोख्याला धाडलं. लोकांनी त्याला दगडमार करून मारलं आणि राजा कसाबसा रथात चढून यरुशलेमला पळाला.

आमच्याकडे एका वर्षी वर्गणी थकलेल्या तीन घरांनी देवळात यायचं बंद केलं. त्यांच्याशी बोलायला आम्ही कोणाला पाठवावं? दारात उभं राहून चार लोकांसमोर त्यांची थकबाकी वाचून दाखवणाऱ्या पंचांनाच पाठवलं. वसुलीचं काम त्यांच्याकडे म्हणून. दगड पडले नाहीत, पण त्या तीन घरांतलं एक कायमचं दुसऱ्या मंडळीत गेलं. तेव्हा मी राजे बारावा अध्याय तीनदा वाचलेला होता. वाचून उपयोग होतोच असं नाही, बघ.

रहबामाचं आणखी एक, थोडक्यात. त्याच्या पाचव्या वर्षी मिसरचा शिशक चाल करून आला आणि शलमोनाने घडवलेल्या सोन्याच्या ढाली उचलून घेऊन गेला. रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या. राजा मंदिरात जायला निघाला की पहारेकरी त्या धरून पुढे चालत आणि परत आल्यावर पहाऱ्याच्या खोलीत ठेवून देत. मिरवणूक तशीच राहिली, सोनं तेवढं गेलं. गायनमंडळ मोडलंय आणि आपण स्पीकरवर रेकॉर्ड लावतोय, तर तसं सभेत सांग. पितळेला पितळ म्हण.

दावीद तुला पाठ आहे, म्हणून गल्याथ सोडतो. दोन जागा मात्र दाखवतो, त्या रंगीत चित्रांच्या पुस्तकांत येत नाहीत.

पहिली बसोर ओढ्याची. दावीद अजून राजा झाला नव्हता. लुटारूंनी त्यांचं सिकलाग गाव जाळून बायकापोरं नेली होती आणि तो सहाशे माणसं घेऊन मागावर निघाला होता. ओढ्यापाशी दोनशे जण इतके थकले की पाय उचलेना. ते सामान राखत बसले, चारशे पुढे गेले आणि सगळं सोडवून आणलं. परतल्यावर त्यातल्या काही टग्यांनी म्हटलं, यांना त्यांची बायकोपोरं द्या, लुटीतला वाटा नाही. दाविदाने नियम केला की लढाईला गेलेल्याचा आणि सामानापाशी बसलेल्याचा वाटा सारखाच. सुगीच्या सणाला लिलावात कोंबडी सर्वांत जास्त बोली लावून घेणाऱ्याचं नाव माइकवर तीनदा येतं. मागे पातेली घासणाऱ्या बायांचं एकदाही येत नाही. तू सेक्रेटरी असताना आभाराच्या यादीत पहिली नावं त्यांची येऊ देत.

दुसरी जागा नाथान संदेष्ट्याची. बथशेबेचं प्रकरण तुला माहीत आहे, उरीयाने आपल्याच मरणाचं पत्र आपल्याच हाताने सेनापतीकडे नेलं तेही माहीत आहे. पाप शौलाच्या पापाहून लहान नव्हतंच, मला तर ते मोठं वाटतं. मग एक गादीवरून गेला आणि दुसरा राहिला, असं का? अमालेकांच्या लढाईनंतर शौलाला शमुवेलाने जाब विचारला तेव्हा त्याने आधी सांगितलं की मी आज्ञा पाळलीय. मग सांगितलं, चांगली गुरं लोकांनी राखली, तीही देवासाठीच. शेवटी कबूल केलं, पण लगेच विनवलं की लोकांच्या वडिलांपुढे माझा मान राखा. दाविदापुढे नाथानाने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट ठेवली, राजा त्या श्रीमंतावर संतापला, आणि नाथान म्हणाला की तो माणूस तूच. दाविदाने दिलेलं उत्तर हिब्रूत दोन शब्दांचं आहे. पण नाही, परंतु नाही, लोकांनी केलं नाही. पुढे त्याच्या एका मुलाचं नाव नाथान असल्याचं इतिहासाच्या पुस्तकात येतं. संदेष्ट्यावरूनच ठेवलं असं शास्त्र सांगत नाही. माझ्या मनाने मी तसं धरलंय.

चूक झाली की सभेत उभी राहा आणि दोन शब्दांत सांग. तिसरा शब्द आला की वकिली सुरू होते.

आता पैशाचं. इथे मी तुझा वेळ घेणार.

योआश सात वर्षांचा असताना गादीवर बसला. त्याला लपवून वाढवणारा मुख्य याजक यहोयादा त्याचा सल्लागार होता. मंदिराची पडझड झाली होती. राजाने सांगितलं, लोकांकडून येणारे पैसे याजकांनी घ्यावेत आणि डागडुजी करावी. पैसे येत राहिले. राजाचं तेविसावं वर्ष उजाडलं तरी एक चीर बुजली नव्हती. चोरी झाली असं पुस्तक म्हणत नाही. चोरी नसतेच बहुतेक वेळा. पैसा खर्चात मुरतो, एवढंच. आणि यहोयादासारखा देवमाणूस तिथे बसलेला असताना हे झालं, हे विसरू नकोस. माणूस भला असला म्हणजे हिशेब आपोआप भला होत नाही.

मग यहोयादाने एक पेटी घेतली, तिच्या झाकणाला भोक पाडलं आणि वेदीच्या उजव्या हाताला ठेवली. दारावरचे याजक येणारा पैसा तीत टाकत. पेटी जड झाली की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक दोघे येत, दोघे मिळून मोजत, थैल्या बांधत आणि पैसा थेट सुतार, गवंडी, पाथरवट यांच्या देखरेखीवरच्या माणसांच्या हाती देत. एक राजाकडचा आणि एक मंदिराकडचा, एकटा कोणीच नाही.

आपल्याकडे उपासना संपली की व्हेस्ट्रीतल्या टेबलावर जुना पेपर पसरतात आणि दानपेटी उलटी करतात. रुपयाची, दोनाची, पाचाची नाणी वेगळी कर, दहा-दहाच्या चवडी लाव. नोटा उलटसुलट आलेल्या असतात, त्या एका तोंडाने लाव. पाकिटं शेवटी फोड आणि पाकिटावरचं नाव वहीत चढल्याशिवाय पाकीट टाकू नकोस. एकाने मोजायचं, दुसऱ्याने पुन्हा मोजायचं, मग आकडा लिहायचा, अंकी आणि अक्षरी. दोघांच्या सह्या तिथेच, चहा यायच्या आधी. चहा आला की गप्पा सुरू होतात आणि सही पुढच्या रविवारवर जाते. रक्कम सोमवारी बँकेत. ‘घरी राहू दे, गुरुवारी भरू’ असं कोणी म्हणालं, मग ते पाळकसाहेब असोत की मी, तरी नाही म्हण.

योआशाचा शेवट मात्र वाईट झाला. यहोयादा होता तोवर तो नीट चालला. तो वारल्यावर सरदार आले, त्याच्यापुढे वाकले आणि राजाने त्यांचं ऐकलं. यहोयादाचा मुलगा जखऱ्या त्याविरुद्ध बोलला तेव्हा ज्याच्या बापाने राजाचा जीव वाचवला त्यालाच राजाच्या हुकमाने मंदिराच्या अंगणात दगडमार झाला. योआशाचा विश्वास उसना होता, यहोयादाच्या श्वासावर चाललेला. तू लहानपणापासून माझ्या शेजारी बसून प्रार्थना करत आलीस म्हणून मुद्दाम लिहितोय. माझं वय झालंय.

उज्जीया थोडक्यात सांगतो. सोळाव्या वर्षी राजा झाला, बावन्न वर्षं राज्य केलं. बुरूज बांधले, टाक्या खोदल्या, शेतीची त्याला आवड होती. सगळं चांगलं चाललं होतं, आणि सगळं चांगलं चालल्यामुळेच एक दिवस त्याला वाटलं की वेदीवर धूपही आपणच जाळावा. ऐंशी याजक त्याच्या मागोमाग आत गेले आणि त्याला अडवलं. धुपाटणं हातात, तोंडात राग, आणि कपाळावर कोड उठलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला आणि कारभार मुलाने पाहिला. पाळकाचं काम पाळकाला करू दे. त्यांचं प्रवचन लांबलं तर घड्याळाकडे बघ हवं तर, पण व्यासपीठाकडे जाऊ नकोस. आणि तुझ्या कारकिर्दीचं पाचवं वर्ष चांगलं गेलं तर ऐंशी जण तुला अडवायला उठतील अशी मंडळी आपल्याकडे उरलीय का, ते बघून ठेव.

हिज्कीया मला आवडतो, आणि त्याच्यावरच माझा सगळ्यांत जास्त राग आहे.

ख्रिस्तपूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा सन्हेरीब यहूदावर आला. शेहेचाळीस तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं त्याने स्वतःच लिहवून ठेवलंय. त्याचं धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीयाने ते वाचलं, मंदिरात नेलं आणि देवापुढे पसरून ठेवलं. निनावी पत्रं तुलाही येतील, हल्ली व्हॉट्सॲपवर येतात. ग्रुपवर उत्तर टाकण्याआधी ते एक रात्र प्रार्थनेत पसरून ठेव.

पण त्याने नुसती प्रार्थना केली नव्हती. वेढा पडला तर पाणी आत हवं म्हणून गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत डोंगरातून भुयार खोदवलं, ५३३ मीटर. दोन टोळ्या दोन टोकांनी खणत आल्या. १८८० मध्ये त्या भुयाराच्या भिंतीवर सहा ओळींचा लेख सापडला. आता तो इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. शेवटचे तीन हात दगड उरला असताना पलीकडून हाक मारणाऱ्या माणसाचा आवाज कसा ऐकू आला आणि मग कुदळीला कुदळ कशी भिडली, हे त्यात आहे. राजाचं नाव कुठेही नाही. आपल्या बोअरवेलवर मार्बलची पाटी लावायची म्हणून तीन मिटिंगा झाल्या, त्याची मला आठवण होते.

त्याने आणखी एक धाडस केलं. मोशेने अरण्यात केलेला पितळेचा साप शेकडो वर्षं जपलेला होता आणि लोक त्याला धूप जाळू लागले होते. हिज्कीयाने तो फोडला. खुद्द मोशेची वस्तू! आपल्या व्हेस्ट्रीतली मिशनरी साहेबांची वेताची खुर्ची तुला माहीत आहे. तिच्यावर कोणी बसत नाही, नाताळाआधी तिला पॉलिश होतं, आणि मागे एका म्हातारीला भोवळ आली तेव्हा तिला जमिनीवर बसवलं पण त्या खुर्चीत बसू दिलं नाही. मी तेव्हा गप्प बसलो. फोडू नकोस, चांगलं लाकूड आहे. दारापाशी ठेव, ज्याचे गुडघे दुखतात तो बसेल.

आता राग कशाचा ते सांगतो. हिज्कीया आजारातून उठला तेव्हा बाबेलच्या राजाचे वकील भेट घेऊन आले. याने खूश होऊन त्यांना सगळं भांडार दाखवलं. चांदी, सोनं, सुगंधी तेल, शस्त्रं, काही शिल्लक ठेवलं नाही. यशया संदेष्ट्याने विचारलं, काय काय दाखवलंस? मग सांगितलं, एक दिवस हे सगळं बाबेलला जाईल, तुझ्या वंशातले तिथे चाकर होतील. त्यावर हिज्कीया म्हणाला की बरं झालं, कारण मनात त्याने धरलं होतं, माझ्या दिवसांत तरी शांती राहील. त्या पुस्तकात खून आहेत, विश्वासघात आहेत, पण मला सगळ्यांत जास्त हेच खुपतं. एवढा देवभीरू माणूस, आणि नातवंडांचं सांगितल्यावर त्याला हायसं वाटलं.

कारण हे मी केलंय. माझी मुदत संपायला आठ महिने होते. देवळाच्या पत्र्याला गंज धरला होता, मिस्त्रीने जिन्यावरून उतरताना मला बाजूला घेऊन सांगितलं, एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. पत्र्यांसाठी घरोघर वर्गणी मागायची म्हणजे शिव्या खायच्या. एक पावसाळा निघतोय ना, म्हणालो. निघाला. दुसऱ्या पावसाळ्यात नव्या सेक्रेटरीच्या पहिल्याच वर्षी पाणी कपाटावर पडलं आणि उपासना संगीताची सत्तर पुस्तकं भिजून फुगली. लोकांनी त्यालाच बोल लावला. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होतो. हे आज पहिल्यांदा कोणाला तरी लिहून देतोय.

योशीया हिज्कीयाचा पणतू. त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षी मंदिराची दुरुस्ती चालू असताना मुख्य याजक हिल्कीयाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला. शाफान चिटणीसाने तो राजापुढे वाचला आणि राजाने आपली वस्त्रं फाडली. तेव्हा तो सव्विशीचा होता. मग याचा अर्थ विचारायला त्याने याजक आणि चिटणीस कोणाकडे पाठवले? हुल्देकडे, राजाच्या वस्त्रभांडारावरच्या माणसाच्या बायकोकडे. कोणी म्हणालं नाही की बाईला काय विचारायचं. तुझ्या निवडीच्या दिवशी दोघं-तिघं मागे जे कुजबुजत होते ते मी ऐकलं. त्यांना हुल्देचा अध्याय सांगत बसू नकोस. तू काम कर. आपल्या घरातलं सगळ्यांत जुनं बायबल पंडिता रमाबाईंच्या भाषांतराचं आहे. त्या बाईने केडगावला बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळावं म्हणून अख्खा ग्रंथ मराठीत आणला. तेवढं मनात ठेव.

योशीयाचा मुलगा यहोयाकीम. थंडीचे दिवस, राजा हिवाळी महालात शेगडीपुढे बसलेला. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेलं आणि बारूखाने लिहिलेलं पुस्तक वाचून दाखवत होते. तीन-चार रकाने वाचले की राजा चिटणिसाच्या चाकूने तेवढं कापायचा आणि शेगडीत टाकायचा. सगळं जळेपर्यंत. जाळू नका म्हणून विनवणाऱ्यांत गमऱ्या होता, शाफानाचा मुलगा. एका चिटणिसाने वाचलं तेव्हा बापाने कपडे फाडले. त्याच चिटणिसाच्या पोरासमोर लेकाने ग्रंथ कापला. मधे अठरा-वीस वर्षंच गेली होती. यिर्मयाने ते पुन्हा सांगितलं, बारूखाने पुन्हा लिहिलं आणि त्यात भरही घातली. ऑडिटरचा शेरा फाडून टाकला तर पुढच्या वर्षी तो लांब होऊन येतो, हा माझा अनुभव.

शेवटचा सिद्कीया. हा वाईट नव्हता गं. भित्रा होता. सरदार म्हणाले, यिर्मयाला मारा, तर म्हणाला, तो तुमच्या हातात आहे, तुमच्यापुढे राजाचं काय चालतं! त्यांनी यिर्मयाला चिखलाच्या टाकीत सोडलं. मग यानेच त्याला गुपचूप बोलावून विचारलं, खरं काय ते सांग, आणि आपण भेटलो हे सरदारांना कळू देऊ नकोस. खरं त्याला दोनदा-तीनदा कळलं. केलं काहीच नाही. ख्रिस्तपूर्व ५८६ मध्ये नगर पडलं, त्याच्यासमोर त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. सभेत गप्प बसून नंतर फाटकापाशी येऊन ‘मॅडम, तुमचंच बरोबर होतं’ म्हणणारे तुला पुष्कळ भेटतील. तू त्यांच्यातली होऊ नकोस, एवढंच.

त्या टाकीतून यिर्मयाला वर काढलं ते एबद-मलेखाने, राजवाड्यातल्या एका कूशी चाकराने. तो आधी भांडाराखालच्या खोलीत गेला, जुनी फडकी आणि चिंध्या शोधल्या, दोराबरोबर खाली सोडल्या आणि वरून सांगितलं की बगलेत आधी या घाला, मग दोर बांधा. दोर काचू नये म्हणून. वेढा पडलेला, नगरात भाकरी संपत आलेली, आणि या माणसाला चिंध्या सुचल्या. कोणाला मदतीचे पैसे द्यायचे असतील, कोणाच्या पोराची फी भरायची असेल, तर सभेत नाव वाचू नकोस. पाकीट घरी नेऊन दे, आणि जाताना चहाला वेळ काढून जा.

अजून एक काम आहे, ते या आठवड्यातच कर. अनुवादाच्या पुस्तकात राजासाठी नियम आहे. घोडे फार बाळगू नयेत, बायका फार करू नयेत, सोनं-चांदी फार साठवू नये, आणि नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी. पहिले तीन शलमोनाने मोडले. चौथा कोणी पाळल्याचं मला कुठे सापडलं नाही. मंडळीची घटना अकरा पानांची आहे. झेरॉक्स काढू नकोस, हाताने लिहून काढ. सहाव्या कलमात सेक्रेटरीला किती रुपयांपर्यंत एकट्याने खर्च करता येतो ते आहे. आजवरच्या पंचांपैकी ते फार थोड्यांना ठाऊक होतं.

जुडग्यात चार किल्ल्या आहेत. मोठी फाटकाची, काळी कपाटाची, लहान व्हेस्ट्रीची. पितळी दानपेटीची, पण ती एकटी लागत नाही, दुसरी खजिनदारांकडे असते. पेटीला दोन कुलपं मी १९९४ साली बसवून घेतली. या रविवारसाठी खजिनदारांना शनिवारीच फोन कर, उपासनेनंतर ते साडेअकराच्या एसटीने गावाला जातात.

तुझा आबा